विश्वास ठेवला की देव कळायचा थांबतो?

सध्या सांगलीत एक मेसेज ग्रुपागणिक फिरतोय. ख्रिस्ती माणसाला देव बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, दिवशी एकदाच कळतो, पुढे जन्मभर तो तेच घोकतो. विश्वास ठेवला की प्रश्न बंद. आणि देव समजायचा तर आधी पुरावा हवा, मग विश्वास. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुलांनीही तो पुढे ढकललाय, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

देव एकदाच कळतो म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय उघडावा. बेथसैदात येशू एका आंधळ्याच्या डोळ्यांना हात लावतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो सांगतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसू लागतं. लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ असं ठामपणे सांगतो आणि ख्रिस्ताला दुःख सोसून मरावं लागेल हे ऐकताच येशूलाच बाजूला घेऊन दटावतो. पेत्राची कबुली खरीच होती, पण त्यालाही अजून झाडंच दिसत होती. मार्कने या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या त्या उगाच नव्हे, असं मला वाटतं.

सातारकरांना तर इतकं लांब जायला नको. ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मुंबईतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत अशी त्यांची धडपड होती. देव १८९५ मध्येच पुरता कळला असता, तर पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हा खटाटोप कशाला केला असता?

प्रश्न बंद होतात म्हणे! बायबलमधलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. आणि ते सगळं गाऱ्हाणं देवापुढेच मांडलेलं आहे. अकराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मचिंतक ॲन्सेल्म तर ‘समजून घेऊ पाहणारा विश्वास’ असंच म्हणत होता.

राहिला पुरावा. पारख हवीच, चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांपुढे तर हवीच हवी. सगळ्याची पारख करा, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलंय. मला खटकतो तो ‘आधी’. काही गोष्टी भरवसा टाकून सोबत चालल्याशिवाय कळतच नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. त्याआधी घरगुती प्रार्थनेत आमच्या एक काकू दर वेळी म्हणायच्या, ‘प्रभू, आमच्या उंबऱ्याला संकट शिवू देऊ नकोस.’ पूर ओसरल्यावर त्यांच्याच घरी जमलो. भिंतीवर छातीएवढी पाण्याची रेघ, कोपऱ्यात गाळ, बसायला सतरंजी नाही, म्हणून सगळे उभेच. काकूंनी प्रार्थना केली, ‘प्रभू, पाण्यात तू आमच्याबरोबर होतास. आता आधी शेजारच्यांचं घर धुवायला आम्हाला बळ दे.’

आधीची प्रार्थना खोटी नव्हती, तिच्यातला देव मात्र एका उंबऱ्यापुरता होता. काकूंनी पुरावा मिळेपर्यंत प्रार्थना थांबवून ठेवली नव्हती. घरात पाणी चढत असतानाही त्या त्यालाच हाका मारत होत्या, आणि तो शेजारच्या घराचाही आहे हे त्यांना तिथेच कळलं.