अदुनातोन : अशक्याची शपथ

ग्रीक काव्यशास्त्रातील ‘अदुनातोन’ या संज्ञेपुढे परवा एका टिपणात ‘अतिशयोक्तीचा प्रकार’ एवढेच लिहिलेले वाचले आणि राहवले नाही. शब्दाचा अर्थ सरळ ‘अशक्य’ असा आहे. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अशक्य’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ, आणि उरलेला भाग डायनामोच्या घराण्यातला. हरणे आकाशात चरू लागतील, समुद्र माशांना उघडे टाकून मागे सरेल, पण माझ्या उपकारकर्त्याचा चेहरा मनातून जाणार नाही, असे रोमन कवी व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीतातला गुराखी तितिरस म्हणतो, त्या बोलण्याच्या रीतीला हे नाव आहे. वामन पंडितांनी मराठीत आणलेले ‘वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ याच जातीचे. फक्त तिथे वाळू मऊ पडते आणि मूर्ख तेवढा पडत नाही.

माझ्या मते या रीतीची नाळ अतिशयोक्तीपेक्षा शपथेशी जुळते. अतिशयोक्तीत आहे तेच फुगवलेले असते. इथे बोलणारा आपल्या शब्दासाठी सगळ्या सृष्टीची घडी तारण ठेवतो. म्हणून तर ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मिडिया’ या नाटकात (इ.स.पू. ४३१) पवित्र नद्या उगमाकडे वाहू लागल्याचे समूहगान येते ते मिडियाचा नवरा जेसन याने देवांसमक्ष दिलेला शब्द मोडल्यानंतर, आणि त्याच कडव्यात पुरुषांच्या शपथा आता टिकत नाहीत असेही येते. तारण जप्त झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याहून जुने आणि मला अधिक प्रिय उदाहरण पारोस बेटावरच्या आर्किलोकस या ग्रीक कवीचे आहे. देवांचा राजा झ्यूस याने भर माध्यान्ही सूर्य झाकून रात्र केली. आता रानातल्या जनावरांनी डॉल्फिनांशी कुरणांची अदलाबदल केली, त्यांना जमिनीपेक्षा गर्जणाऱ्या लाटा गोड वाटू लागल्या आणि डॉल्फिनांना डोंगरातली झाडी, तरी कुणी नवल करू नये, असे तो म्हणतो. हे ग्रहण बहुधा ६ एप्रिल, इ.स.पू. ६४८ चे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. पण खरी मेख पहिल्या ओळीतल्या ‘अपोमोतोन’ या शब्दात आहे. ‘हे होणे नाही’ असे शपथेवर सांगता येईल अशी गोष्ट, हा त्याचा अर्थ. आणि कवी म्हणतो, तशी गोष्ट आता एकही उरलेली नाही. एरवी ज्या अशक्याच्या आधारावर माणूस बोलतो, तो आधारच इथे काढून घेतला आहे. अशा ओळींना अतिशयोक्तीच्या खात्यात टाकणे म्हणजे गहाणखताला जाहिरात समजणे होय.

अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे की हे उद्गार कवीने एका बापाच्या तोंडी घातले आहेत, आणि तो बोलतो आहे आपल्या मुलीविषयी. पुढच्या ओळी पपायरसच्या चिंधीवर अर्धवट उरल्या आहेत.