टाळ्या वाजवता येत नाहीत त्या रविवारी

गुरुवारी आईला माती दिली आणि रविवारी चर्चला गेले. इथेच, नाशिकमध्ये. पहिलं गाणं विजयाचं, दुसरं विजयाचं, तिसऱ्याला माइकवरून हाक आली, "सगळ्यांनी हात वर करा, आनंदाने टाळ्या!" शेजारी मावशी उभी होती. तिच्या हातात आईचं जुनं गीतपुस्तक, मिटलेलं, पण बोट मधल्या एका पानात अडकवलेलं. पडद्यावर ते गाणं काही आलं नाही. मावशीने बोटही काढलं नाही.

तेव्हापासून मनात एकच गोष्ट घोळतेय. आपल्या उपासनेत रडायला जागा का नाही?

बायबलमध्ये ती भरपूर आहे. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची. १३व्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? ८८वं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात राहिलं, कुणी त्याला आनंदी कडवं जोडलं नाही. आणि वधस्तंभावर प्रभूच्या ओठी आली ती २२व्या स्तोत्राची पहिलीच ओळ: माझ्या देवा, तू मला का सोडलंस?

देवाकडे तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं मला लहानपणी कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या मातीतही ते नाही. ज्या टाकळीला रामदासांनी तप केलं, ती आपल्या नाशिकचीच, आणि करुणाष्टकं त्यांचीच. तुकोबा तर विठ्ठलाशी उघड भांडले. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही. अभंगात आळवणी करता येते, हट्ट धरता येतो. हा सूर आपल्या घरचाच आहे, तो आपण का टाकून द्यायचा?

कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाशी बोलले. पोर मनाने चांगलं. म्हणाला, "ताई, चाल बसवता येईल, पण लोक उदास होऊन घरी जातील." अरे बाळा, काही जण उदास होऊनच येतात. कुणाचं पोट पाडावं लागलेलं असतं, कुणाचा मुलगा दारूत बुडालेला. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की त्यांना वाटतं, आपण इथले नाहीच.

१३वं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं आहे. येत्या रविवारी तेवढंच गाऊ या, बसून, सावकाश. पेटी मी घेऊन येते.