बल्ब काढून मोजलंत, गडबड तिथेच आहे

सिडकोकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. पहिल्या वाचनात झोंबली, दुसऱ्या वाचनात त्यातला एक मुद्दा बिनतोड वाटला, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. इतरांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. अ‍ॅम्बेसेडरच्या मिणमिणत्या हेडलाइटवर मी जो लेख लिहिला (बॅटरीवरून नवी वायर ओढा आणि रिले लावा, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच), त्यावर तुम्ही म्हणता की काकांनी रिले आणि वायरींचं उगाच पुराण लावलंय. तुमच्या गाडीच्या हेडलाइटचा होल्डर बल्बवरून काढून तुम्ही त्याला मीटर लावलात, बॅटरीइतके १२.६ व्होल्ट आले, म्हणजे वायरिंग ठणठणीत. रिले लावला की जुन्या गाडीचं मूळपण गेलं. त्यापेक्षा एलईडीचे दोन बल्ब, दहा मिनिटांचं काम, मित्राने लावलेत तर 'दिवस उजाडतो'. आणि जाता जाता एक टोला: बॅटरीवरून नवी वायर ओढायला सांगितलीत, फ्यूजचं नावसुद्धा नाही, गाडी पेटली तर कोण जबाबदार?

फ्यूजपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे मी चुकलो. भाजीच्या कृतीत मीठ लिहायचं राहावं तसं झालं. माझ्या गाडीत फ्यूज पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून तो लिहायचा असतो हेच डोक्यात आलं नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. तो बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. पुढे कुठे ती जाड वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली, तर अख्ख्या बॅटरीची ताकद त्या एका ठिकाणी उतरते. या गाड्यांच्या जुन्या, ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हेडलाइटला फ्यूज नसायचा, त्यामुळे 'कंपनीने दिला नाही, मग आपण कशाला' असं गॅरेजमध्ये आजही ऐकू येतं. मी चार स्क्वेअर एमएमची वायर घेतली, तिला २५ अँपिअरचा फ्यूज. रिलेच्या पुढे प्रत्येक बल्बला डिपरसाठी (जवळ, खाली पडणारा उजेड) आणि अप्परसाठी (लांब जाणारा उजेड) १० अँपिअरचे वेगळे. वेगळे अशासाठी की कसारा घाटात एक बाजू शॉर्ट झाली तर दुसरा डोळा उघडा राहावा. लेखात हे आता घातलंय, तुमचा उल्लेख करून.

आता मीटर. तुम्ही होल्डर बल्बवरून काढलात आणि मोकळ्या पिनांवर सुया टेकवल्यात. तिथे १२.६ येणारच. सडलेल्या वायरीतून, गंजलेल्या स्विचमधूनही येणार, कारण त्या क्षणी वायरीतून काही वाहतच नव्हतं. माझं आजोळ निफाड तालुक्यात, मळ्यातली वस्ती लाइनच्या अगदी टोकाला. संध्याकाळी शेजारची मोटार बंद असली की बल्ब झकास. मोटार सुरू झाली की तोच बल्ब लाल काडीसारखा. मोटार बंद असताना वायरमनला बोलावलं तर तो टेस्टर लावून सांगणार, 'लाइट फुल आहे दादा.' तुमच्या मीटरने तुम्हाला तेच सांगितलं.

मोजायचं ते बल्ब पेटलेला असताना. मी कसं मोजतो ते सांगतो. इंजिन चालू, कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून बसलेलं, डिपर लावलेला. होल्डर बल्बवर तसाच, त्याच्या मागच्या बाजूने डिपरच्या निळ्या-लाल वायरीच्या शेजारी मीटरची काळी सुई आत सरकवायची, पितळी पिनेला टेकेपर्यंत. लाल सुई थेट बॅटरीच्या प्लसवर. आता मीटर जो आकडा दाखवतो, ती वाटेतली गळती. मग तसंच उलट बाजूने: एक सुई होल्डरच्या काळ्या वायरीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. ही अर्थिंगची गळती. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला नावं ठेवायचं कारण नाही.

माझ्या मार्क-३ अ‍ॅम्बेसेडरवर काम करण्याआधीचे आकडे वहीत आहेत. बॅटरीवर १३.८, बल्बवर १०.९. म्हणजे २.९ व्होल्ट वाटेतच गडप. प्लसच्या बाजूला २.१ आणि अर्थिंगला ०.८. प्लसमध्ये सगळ्यात मोठा चोर निघाला पायातला डिपर स्विच. क्लचच्या डावीकडे, मॅटखाली असतो तो. चाळीस-पंचेचाळीस पावसाळ्यांतल्या ओल्या चपलांचं पाणी त्याने प्यायलेलं. उघडला तर आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली, स्प्रिंगवर गंजाचे फोड, आणि जिथे टेकण होतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढा काळा खड्डा. एकट्या त्या स्विचने ०.८ व्होल्ट खाल्ले होते. पॉलिश पेपर मारून ०.३ परत मिळाले, पण खड्डा तो खड्डाच. अर्थिंगची भानगड अजून साधी होती: रेडिएटरच्या शेजारचा बोल्ट, जिथे काळ्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) बसतो. मागे गाडी रंगवली तेव्हा पेंटरने बोल्ट, लग, वायर सगळं एकाच फटकाऱ्यात रंगवून टाकलेलं. गाडी चकाचक दिसत होती, आणि उजेड त्या दिवसापासून कमी झाला होता. मी मात्र दोष बल्बला देत दोन जोड्या बदलल्या.

२.९ व्होल्टने काय बिघडतं? इथे फसगत होते, कारण व्होल्ट आणि उजेड सारख्या प्रमाणात घटत नाहीत. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. १३.८ च्या जागी १०.९ मिळाले, म्हणजे मिळायला हवा होता त्याच्या निम्म्याहून कमी उजेड मी वापरत होतो. तार पुरेशी तापत नाही म्हणून तो पिवळाही दिसतो. पिवळेपणा हे दुखण्याचं लक्षण आहे, बल्बच्या वयाचं नाही. रिले लावून, अर्थ थेट बॅटरीच्या मायनसवर आणून आता बल्बवर १३.४ मिळतात. तोच ६०/५५ चा (अप्परला ६० वॉट, डिपरला ५५) बल्ब, उजेड दुप्पट.

हे 'पुराण' मी का लावतो, त्यालाही कारण आहे. कांद्याच्या हंगामात रात्री आग्रा रोडला पिंपळगाव बसवंतच्या आसपास गाडी चालवली असेल तर वेगळं सांगायला नको. भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रेडियम नाही, असलंच तर चिखलाखाली. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. एका रात्री मला अशीच ट्रॉली दिसली तेव्हा आधी गोण्या दिसल्या, मग चाकं. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मी दुसऱ्या दिवशी मीटर विकत घेतला.

आता तुमच्या मित्राच्या एलईडीकडे वळतो. 'दिवस उजाडतो' हे तुम्ही खोटं लिहिलं नसणार. हॅलोजनचा डिपर ५५ वॉट ओढतो, हे एलईडी बहुतेक २०-३० वॉटमध्ये भागवतात. करंट निम्मा, म्हणून त्याच वायरीतली गळतीही निम्मी. शिवाय त्यांच्या आतलं सर्किट कमी व्होल्टवरही निभावून नेतं. म्हणजे दुखणं जागेवरच आहे, फक्त कळ थांबली.

खरी अडचण उजेड जातो कुठे ही आहे. एच-४ बल्ब, म्हणजे हाच दोन तारांचा हॅलोजन, हातात घेऊन बघा. आत दोन तारा, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर उजेड पडू देत नाही, आणि त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत चढणारा भाग कापला जातो. काच आणि रिफ्लेक्टर त्या तारेच्या जागेवर बेतलेले असतात. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी मांडणी विस्कटते. एलईडीच्या बल्बमध्ये तारेच्या जागी चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना टिकल्या. मग उजेडाची कड धूसर होते आणि तो सगळीकडे सांडतो. बंपरच्या पुढचे दहा मीटर लख्ख होतात, त्या लख्ख तुकड्याने आपल्या बाहुल्या आक्रसतात, आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय उजेड आहे! मित्राच्या गाडीत बसून नाही, समोर पन्नास पावलांवर जमिनीवर उकिडवं बसून बघा, म्हणजे दुचाकीवाल्याची अवस्था कळेल. आणि जुलैत इगतपुरीच्या धुक्यात तो सांडलेला पांढरा उजेड तुमच्याच तोंडावर परत येतो. गाडीपुढे कुणी धोतर वाळत घातल्यासारखं दिसतं.

काही जण एलईडी टाळतात आणि १००/९० चे हॅलोजन घालतात. त्यांना तर हात जोडतो. दोन अप्पर म्हणजे २०० वॉट, जवळपास १७ अँपिअर, तेही त्याच खड्डा पडलेल्या डिपर स्विचमधून! जितका करंट जास्त तितकी गळती जास्त आणि स्विच गरम. शिवाय त्या काळच्या डायनामोची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, पूर्ण ताकदच १६ ते २२ अँपिअरच्या घरात. वायपर आणि इग्निशनला उरलं काय?

डायनामोवरून आठवलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलं की लाइट पिवळे पडतात, हे रिलेने जाणार नाही, आणि लेखात मी तसा दावा केलेलाही नाही. आयडलवर डायनामो चार्जच करत नाही, तेव्हा सगळा भार बॅटरीवर. त्यावर उपाय अल्टरनेटर, म्हणजे आयडलवरही चार्ज करणारा पुढचा प्रकार, तो वेगळा खर्च आणि वेगळा लेख.

मूळपणाचा मुद्दा मला मान्य आहे, पण रिलेला तो लागू होत नाही. एकही जुनी वायर मी कापलेली नाही. गाडीचा जुना होल्डर आधी बल्बवर बसायचा, तो आता नव्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फक्त रिलेला इशारा देतो. ८५ आणि ८६ या पिनांमधून जेमतेम ०.१५ अँपिअर जातो, त्यामुळे त्या बिचाऱ्या डिपर स्विचचं आयुष्यही वाढलं. खरा भार बॅटरीवरून ३० नंबरच्या पिनेत येतो आणि ८७ मधून बल्बकडे जातो. उद्या प्रदर्शनात गाडी न्यायची असेल तर वीस मिनिटांत सगळं काढून डिकीत टाकता येतं. रिले घाटात मेला तर? जुना होल्डर सरळ बल्बवर लावायचा आणि पूर्वीच्या मिणमिणत्या उजेडात घरी यायचं. फक्त कामाला हात लावण्याआधी गाडीत बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघून घ्या. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत प्लस बॉडीला असतो, तिथे मी सांगितलेलं सगळं उलटं धरावं लागेल.

रिफ्लेक्टरबद्दल दोनच ओळी. चकाकी उडून राखाडी झाला असेल तर फडक्याने घासू नका, उरलेला मुलामाही जातो, बदला. सात इंची गोल एच-४ चे सेट सहज मिळतात, पण डावीकडून चालणाऱ्या रहदारीचेच घ्या. परदेशातून मागवलेले बरेचसे उजव्या बाजूच्या रहदारीचे असतात आणि त्यांचा वर चढणारा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि उजेड वाढला की सेटिंग करणं आलंच. आमच्या सोसायटीच्या भिंतीसमोर सपाट जागेत १० मीटरवर गाडी उभी करतो, बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारतो, आणि डिपरची कड त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली आणतो. मागे माणसं बसवून. अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर तिघं बसले की नाक वर होतं, आणि रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग फुकट जातं. वॉचमनला आणि त्याच्या दोन मित्रांना मी त्यासाठी चहा पाजतो.

तर सिडकोकर, एवढं करा. बल्ब पेटवून, होल्डर जागेवर ठेवून, तीन आकडे घ्या: बॅटरीवर किती, प्लसची गळती किती, अर्थिंगची गळती किती. इथेच खाली लिहा. दोन्ही गळत्या मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत निघाल्या तर 'सिडकोकरांचं बरोबर होतं' असं लेखाच्या माथ्यावर लिहीन आणि मिसळ माझ्याकडून. दोनाच्या वर निघाल्या तर मिसळ तुमच्याकडून, आणि येताना तो पायातला डिपर स्विच काढून आणा, बघू त्यात किती मोठा खड्डा पडलाय.