सात मुलांना घरी बसवलं, पण त्या गेटचं काय?

आज दुपारी एका मैत्रिणीने तिच्या लेकाच्या शाळेची सूचना पाठवली. शाळा सुटताना जिन्यावर ढकलाढकली करून एका विद्यार्थ्यास दुखापत केल्याबद्दल सातवीच्या सात मुलांना तीन दिवस वर्गात बसू देणार नाहीत, पालकांनी पाल्यास शिस्त लावावी. खाली सही, शिक्का. वाचून डोकं फिरलं.

तिला फोन लावून सगळं नीट विचारून घेतलं. वर दोन मजले, मजल्यावर सहा वर्ग, वर्गात ४० मुलं. घंटा एक, जिना एक. जिन्याच्या पायथ्याशी लोखंडी चॅनल गेट. त्याचा एक पल्ला सरकवलेला, दुसरा साखळी-कुलपात, कारण "मुलं एकदम बाहेर पळू नयेत". पडलं ते चौथीतलं पोर, गेटच्या आतल्या शेवटच्या पायरीवर. आणि शिक्षा झालेली मुलं तेव्हा होती कुठे? वरच्या वळणावर. खालचं गेट तिथून दिसतसुद्धा नाही.

हिशोब करा ना. मुलं ४८०. एका पायरीवर दोघं आणि सेकंदाला एक जोडी खाली उतरली, तरी ४ मिनिटं लागतात, तीही कोणी अडखळलं नाही तर. गेटमधून एकेकच जाणार असेल तर ८ मिनिटं. वरून येणारा लोंढा मात्र थांबत नाही, कारण घंटा सगळ्यांचीच झालेली. वळणावरच्या मुलाला एवढंच कळतं की पुढचा हलत नाहीये आणि मागचा रेटतोय. तोल सावरायला तो हात पुढे करतो. याला ढकलाढकली म्हणायचं आणि पोराच्या कपाळी शिक्का मारायचा?

हे काही आज नव्याने कळलेलं नाही. १६ जून १८८३ ला इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. शेवटी रंगमंचावरून बक्षिसं वाटायला लागले, तेव्हा आपल्यालाही मिळावं म्हणून गॅलरीतली मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाचं दार आत उघडणारं, आणि खिट्टी लावून एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवलेली. १८३ मुलं चेंगरून गेली. तिथेही मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. त्यानंतर दारं बाहेर उघडणारी हवीत हा आग्रह सुरू झाला, आतून नुसतं रेटलं की उघडणारा दांडा आला. आणि आपण अजून अर्ध्या गेटला शिस्त म्हणतोय!

रस्ता समोरच आहे, मुलं सुसाट बाहेर पळतात, हे मान्य. मग अडवायचं ते अंगणात, मोकळ्या जागेत, रांगा करून. जिन्याच्या तोंडाशी कधीच नाही.

करायचं तरी काय असतं? खालचा मजला आधी सोडायचा, वरचा ५ मिनिटांनी. प्रत्येक वर्ग आपल्या बाईंबरोबर किंवा सरांबरोबर उतरतो, मोकळा सोडायचा नाही, आणि शिक्षक रांगेच्या शेवटी. एक शिक्षक वळणावर, जिथून वरच्या आणि खालच्या दोन्ही पायऱ्या दिसतात. त्यांनी हात वर केला की वरचे जागच्या जागी थांबणार, याचा सराव आधी वर्गात करून घ्यायचा. पाण्याची बाटली गळ्यात नको, दप्तरात. तिचा पट्टा कठड्याला अडकतो. पण बहुतेक ठिकाणी दिसतं काय? सगळे शिक्षक बाहेरच्या फाटकाशी, कारण पालक तिथे उभे असतात. वळणावर कोणी नाही. या शाळेत वळणावरची ड्युटी ज्या सरांची होती ते रजेवर होते. तासाला बदली शिक्षक मिळाले, जिन्याला नाही. ड्युटीच्या तक्त्यात बदलीचा रकानाच नसतो. तेवढा एक रकाना वाढवायला कितीसा वेळ लागतो?

मुख्याध्यापकांचंही कळतं मला. माणसं कमी, संध्याकाळी संतापलेले वडील केबिनमध्ये, काहीतरी कारवाई दाखवावीच लागते. सूचना काढणं त्यातल्या त्यात सोपं. एकटं माणूस किती बाजूंनी पुरणार, हे खरंच आहे.

पण चौकशी तरी नीट करा! सातही मुलांना एकत्र उभं करून "कोणी ढकललं?" विचारलं. असं विचारल्यावर सगळ्यात गप्प पोर अडकतं. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, त्याच दिवशी, आपसात बोलणं व्हायच्या आत. "का ढकललंस?" असं नाही, "तू कुठे होतास, पुढे काय दिसत होतं?" असं विचारायचं आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. नोंदवहीत नुसती नावं नकोत. वेळ, जागा, तिथे कोणाची ड्युटी होती, ती व्यक्ती हजर होती का, हेही हवं. महिन्याने ती वही चाळली की एकच जिना, एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसते. काही मुलं मुद्दाम ढकलतात, तेही आहेच. निरनिराळ्या जागी तेच नाव येत राहिलं की त्या मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायचं.

आणि ते चौथीतलं पोर. डोक्याला टेंगूळ आलेलं. ऑफिसच्या बाकावर बसवलं, बर्फ लावला आणि नेहमीच्या बसने घरी पाठवलं. आईला कळलं ते पोर दारात आल्यावर! डोक्याला मार लागलेलं मूल एकटं सोडत नाहीत हो. मूल घरी पोचायच्या आत फोन जायला हवा, कसं पडलं, कुठे लागलं, किती वाजता, सगळं सांगायला हवं. उलटी झाली, झापड आली, डोकं फार दुखायला लागलं, बोलणं असंबद्ध वाटलं, तर थेट दवाखाना. हे ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवायला हवं, कारण तिथे दर वेळी वेगळंच कोणीतरी बसलेलं असतं.

फोन ठेवता ठेवता मैत्रीण म्हणाली, "अगं, पण आगीचा सराव होतो ना आमच्याकडे, वर्षातून दोनदा." होत असेल. सरावाची तारीख आधी ठरलेली, त्यामुळे त्या सकाळी कुलूप काढलेलं असतं. मी विचारलं, एरवी किल्ली कोणाकडे असते? शिपाईकाकांकडे. आणि शाळा सुटताना शिपाईकाका कुठे असतात? पहिल्या मजल्यावर, घंटेपाशी. म्हणजे कुलूप खाली, किल्ली वर, आणि मध्ये तो जिना.