लामूबद्दलच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू सावकाश, दोनदा वाचला. मसाई मारा आणि अंबोसेलीबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. सहलीचे शेवटचे तीन दिवस मात्र केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावर ‘वाया गेले’, असं म्हणून तुम्ही दोन स्टार दिलेत. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: गल्लीबोळांत गाढवं आणि लीद, मुक्कामाच्या घरात अरुंद खोल्या आणि रस्त्याकडे एकही खिडकी नाही, धक्क्यापासून आईंना चालत जावं लागलं, पहाटे अजानने झोपमोड, गाइडने फोटो काढू दिले नाहीत आणि वर ‘सुट्टीवर आलेल्या माणसांना गुलामगिरीचा इतिहास ऐकवला’, ताक्वाचे अवशेष बघायला नेणारी होडी रद्द झाली, शाकाहारी जेवणाचे हाल झाले. शेवटी तुम्ही लिहिलंय की लामूऐवजी झांझिबारच्या एखाद्या रिसॉर्टला नेलं असतं तर पैसे वसूल झाले असते.

हे उत्तर तुमच्यासाठी आहे आणि पुढच्या हंगामात आमच्याबरोबर जायचं का, हे ठरवण्यासाठी तुमचा रिव्ह्यू वाचणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लामू आम्ही सहलीत ठेवलंय ते तिथे लोक राहतात म्हणून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली गावांचे अवशेष पुष्कळ आहेत. गेडी, ताक्वा, मांडा, किल्वा इथे पडक्या भिंती बघायला मिळतात. लामूत सातशे वर्षांहून जास्त काळ वस्ती अखंड आहे. २००१ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या या गावातल्या जुन्या घरांत आजही चुली पेटतात, ओसरीवर म्हातारी माणसं बसतात, मुलं मदरशात जातात. तुम्हाला खटकलेल्या बऱ्याच गोष्टी या एकाच कारणापाशी येऊन पोहोचतात.

आधी घराबद्दल, कारण त्यावर तुम्ही सगळ्यात कडक लिहिलंय. खोली अरुंद का? लामूची जुनी दगडी घरं प्रवाळाचा दगड, चुना आणि खारफुटीचं लाकूड यांतून उभी राहिली आहेत. छताला खारफुटीचे वासे घालतात, त्यांना तिथे बोरिती म्हणतात. जेवढा वासा लांब तेवढीच खोली रुंद, म्हणजे साधारण अडीच ते पावणेतीन मीटर. म्हणून खोल्या लांबट आणि चिंचोळ्या होतात आणि एकामागे एक अशा रचल्या जातात. गल्लीकडची भिंत कोरी असते, कारण हवा आणि उजेड मधल्या चौकातून येतो. दारातून आत शिरल्यावर वाट वळते, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट घरात जात नाही. बाहेर ‘दाका’, म्हणजे दगडी बाकांची ओसरी, तिथे परका पाहुणा बसतो. मग चौक, मग पडव्या आणि सगळ्यात आत ‘न्दानी’, घरातल्या बायकांची खोली. त्या खोलीच्या भिंतीवर चुन्यात कोरलेल्या कोनाड्यांच्या ओळी तुम्ही पाहिल्यात. त्यांना ‘झिदाका’ म्हणतात. संपन्न घरांत तिथे चिनी मातीची भांडी मांडत. अंधूक उजेडात या भिंतीमुळे खोलीत खोलपणा जाणवतो. ही घरं बहुतेक अठराव्या शतकातली. त्यांची जाड भिंत फोडून रस्त्याकडे मोठी खिडकी काढा, असं मी घरमालकांना कधीच सांगणार नाही. उलट तशी खिडकी काढलेलं घर आम्ही मुक्कामासाठी घेत नाही.

न्हाणीच्या हौदात मासे दिसले, ही अस्वच्छता आहे असं तुम्ही लिहिलंय. ते मासे मुद्दाम सोडलेले असतात. साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मासे त्या खातात. मलेरियाच्या प्रदेशात ही जुनी, विचारपूर्वक केलेली सोय आहे. प्यायचं पाणी तुम्हाला रोज बाटलीबंद दिलं होतं.

आईंना चालावं लागलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. गुडघे दुखत असताना उंच पायऱ्या म्हणजे काय, हे मी घरी रोज बघते. पण लामूत चालण्याला पर्याय नाही. विमान समोरच्या मांडा बेटावर उतरतं, तिथून होडीने धक्क्यावर यायचं आणि पुढे पायी जायचं. बेटावर मोटारी जवळजवळ नाहीत. काही गल्ल्या इतक्या निरुंद आहेत की गाढव आलं की माणसाला ओट्यावर चढावं लागतं. बुकिंगच्या वेळी पाठवलेल्या माहितीपत्रकात चालणं, जिने आणि तळमजल्याची खोली मागण्याची सोय, हे तिन्ही लिहिलेलं असतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांना आम्ही नैरोबीहून थेट मुंबईला परतायचा पर्यायही देतो, थोड्या कमी पैशांत.

गाढवांबद्दल एवढंच सांगते की तिथे सिमेंट, दगड, पाण्याचे कॅन, धान्य, घराचा राडारोडा, सगळं त्यांच्याच पाठीवरून जातं. १९८७ पासून तिथे एका ब्रिटिश संस्थेचा गाढवांसाठी मोफत दवाखाना आहे. लीद असते, वास येतो, उघड्या गटारांचाही येतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. मोटारसायकली अलीकडे बेटावर आल्या आहेत. त्यांच्यावरून गावकऱ्यांत नाराजीही आहे. मला स्वतःला गाढवं हवीत.

आता फोटोंबद्दल. गाइडने तुम्हाला थांबवलं तेव्हा तुम्ही बुईबुई, म्हणजे तिथला काळा बुरखा, घातलेल्या, दारात बसलेल्या दोन बायकांवर कॅमेरा रोखला होता आणि त्यांनी हाताने नको म्हटलं होतं. या बाबतीत मी पूर्णपणे गाइडच्या बाजूने आहे. तो त्याच मोहल्ल्यात वाढलेला आहे, उद्या त्याला त्याच दारावरून जायचं आहे. कोरीव दरवाजांचे, किल्ल्याचे, धक्क्यावरच्या शिडाच्या होड्यांचे हवे तेवढे फोटो काढा. माणसांना आधी विचारा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, असं तो म्हणाला तेही आमच्याच सूचनेवरून.

गुलामगिरीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थांबते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लामूची भरभराट झाली. हस्तिदंत, धान्य, खारफुटीचे वासे यांनी भरलेली जहाजं अरबस्तानकडे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे निघत. ते धान्य समोरच्या मुख्य भूमीवरच्या शेतांत पिकायचं आणि ती शेतं गुलाम कसायचे. तेव्हा या किनाऱ्यावर सत्ता असलेल्या झांझिबारच्या सुलतानाने १८७३ साली इंग्रजांच्या दबावाखाली गुलामांचे बाजार बंद करायचा करार केला, तरी या किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता रद्द व्हायला १९०७ साल उजाडलं. ज्या कोरीव भिंतीसमोर उभं राहून आपण ‘वाह’ म्हणतो, ती ज्या पैशांतून उभी राहिली त्यात या माणसांचे कष्ट आहेत. या व्यापारात भारतीय सावकार आणि व्यापारीही होते, त्यांचं भांडवल होतं. ब्रिटिश अमलात, १९२० पर्यंत, तिथे आपला रुपया चालत होता. हे सगळं गाळून नुसती नक्षी दाखवायची, असं आमच्या सहलीत होणार नाही. गाइडने ते किल्ल्यासमोरच्या चौकात, पंधरा-वीस मिनिटांत, शांतपणे सांगितलं. पुढच्या गटांनाही तो सांगेल. किल्ल्याचंही तसंच आहे. १८१२च्या सुमारास बेटावरच्याच शेला गावाजवळच्या लढाईत लामूने शेजारचं पाटे बेट आणि मोंबासा यांच्या फौजेला हरवलं, त्या काळात हा किल्ला बांधला गेला. पण इंग्रजांच्या काळापासून १९८४ पर्यंत तो तुरुंग होता, हेही सांगितलंच पाहिजे.

ताक्वाची होडी आमच्या नाखव्याने रद्द केली आणि त्याचा निर्णय योग्य होता. ताक्वाचे अवशेष मांडा बेटावर आहेत आणि तिथे खारफुटीच्या खाडीतून, भरतीच्या पाण्यावरच जाता येतं. या किनाऱ्यावर उधाणाला पाणी तीन मीटरहून जास्त चढतं. तुम्ही होतात तेव्हा अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती होती, खाडीच्या टोकापर्यंत पुरेसं पाणी नव्हतं. त्यात ऑगस्टातला कुसी वारा जोरात होता. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून वाहणारा हा वारा पुढे वळून, अरबी समुद्र ओलांडून कोकणात पाऊस आणतो. कोकणातल्या माणसाला त्याच्यापुढे होडी घालू नये हे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या काळी जहाजं डिसेंबर ते मार्चच्या ‘कस्काझी’ वाऱ्यावर अरबस्तान आणि भारताकडून इथे येत आणि कुसी सुरू झाला की परत फिरत. इथलं वेळापत्रक वारा आणि पाणी ठरवतं.

जेवणाबद्दल तुमचं ‘हाल’ हे मला पटत नाही. नाश्त्याला तुम्हाला ‘म्बाझी’ दिल्या होत्या. त्या म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली आपली तूर, आणि सोबत ‘महाम्री’, वेलदोडा घालून तळलेली फुगीर गोडसर पुरी. दुपारी नारळाच्या दुधातला भात, राजमा, पालेभाजी, चपाती. मासळी घराघरात शिजणाऱ्या बेटावर तुमच्यासाठी वेगळी भांडी ठेवायला आम्ही स्वयंपाकिणीला सांगितलं होतं आणि तिने ती ठेवली. रोज पनीर मिळालं नाही, हे मात्र खरं. ते मिळणारही नाही.

अजानबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. गावात मशिदी पुष्कळ आहेत, पहाटेची नमाज होते. हलकी झोप असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे न्यावेत. दारू जवळजवळ मिळत नाही आणि आम्ही ती पुरवत नाही.

झांझिबारचं जुनं शहर, स्टोन टाउनही सुंदर आहे, त्याचाही वारसायादीत २००० साली समावेश झालाय. तुम्हाला समुद्राकाठी आराम हवा असेल तर झांझिबारच निवडा, मी स्वतः चांगली ठिकाणं सुचवीन. पण लामूच्या सहलीत गाव सोडून फक्त शेलाच्या किनाऱ्यावर मुक्काम करा, ही तुमची सूचना आम्ही स्वीकारत नाही. शेलाचे वाळूचे डोंगर रम्य आहेत, आणि बेटाचं गोडं पाणी त्यांच्याच पोटात साठतं, म्हणून तिथे बांधकामाचा जोर वाढणं गावासाठी बरं नाही. मुख्य भूमीवर नव्या लामू बंदराचा पहिला धक्का २०२१ साली सुरू झाला. त्या कामामुळे मासेमारीवर परिणाम होतो म्हणून मच्छीमार कोर्टात गेले होते आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांना भरपाई द्यावी असा निकाल दिला होता. अशा वेळी आपला मुक्कामाचा, होडीचा, जेवणाचा पैसा गावातल्या घरमालकाला, नाखव्याला आणि स्वयंपाकिणीला मिळावा, हा माझा आग्रह आहे.

लामूला बसने नेलं असतं तर स्वस्त पडलं असतं, असंही तुम्ही लिहिलंय. लामू काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य भूमीवरच्या काही भागांबाबत अनेक देशांच्या सुरक्षा-सूचना आहेत. आम्ही गट विमानानेच नेतो. यात तडजोड नाही.

ताक्वाच्या होडीचे पैसे अटींप्रमाणे परत द्यायचे आहेत. ते तुमच्या बुकिंगच्या खात्यावर याच आठवड्यात जमा होतील, पावती ईमेलवर येईल. आईंच्या तब्येतीची विचारपूस करायला मी फोन करीन. तुम्हाला चालेल ती वेळ ऑफिसच्या नंबरवर कळवा.