मुक्त साधनांचा चोख बंदोबस्त

आपल्या जिल्ह्यात मुक्त शैक्षणिक साधनांचा, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता आणि पुढे वाटता येणाऱ्या शिकवण्याच्या साहित्याचा, प्रसार करण्याचे काम आपल्याकडे सोपवले गेले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. या कामात अपयश येणे जवळजवळ अशक्य आहे. किती साधने तयार झाली, किती जणांनी नोंदणी केली आणि उद्घाटनाला कोण आले, एवढेच मोजावे. ती साधने वर्गात कोणी वापरली का, ही चौकशी करू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा चौकशीसाठी खाड्यांच्या अल्याड-पल्याड हिंडावे लागते आणि घाट्या चढाव्या लागतात, त्यामुळे तिच्यापासून दूर राहणे प्रकृतीलाही हितकारक ठरते.

आरंभ प्रास्ताविकाने करावा आणि त्यात साले भरपूर असावीत. २००२ साली युनेस्कोच्या पॅरिसमधील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा पुढे आली, २०१२ साली त्याच शहरात जाहीरनामा निघाला आणि २५ नोव्हेंबर २०१९ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने यासंबंधीची शिफारस स्वीकारली, एवढे सांगितले की सभागृह माना डोलावू लागते. शिफारशीत काय लिहिले आहे, याच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिच्यात कामाची पाच क्षेत्रे दिली आहेत. पहिले क्षेत्र म्हणजे साधने घडवण्याची, शोधण्याची, बदलून घेण्याची आणि पुढे वाटण्याची क्षमता लोकांमध्ये निर्माण करणे. त्यानंतर पोषक धोरण, सर्वांना समान संधी आणि टिकाऊ आर्थिक व्यवस्था येते. शेवटी आंतरराष्ट्रीय सहकार्य. जाणत्या नियोजकाने ही यादी खालून वर वाचावी. सहकार्यासाठी प्रवास करावा लागतो, प्रवासासाठी मंजुरी लागते, आणि अशा रीतीने पहिल्या क्षेत्रापर्यंत पोहोचेपर्यंत मार्च उजाडतो.

कार्यशाळा गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठेवावी. त्या दिवसांत कोकणातल्या शिक्षकाचे चित्त मखर, माटवी आणि मुंबईहून येणारे पाहुणे यांत गुंतलेले असते, त्यामुळे अडचणीचे प्रश्न कोणी विचारत नाही. स्थळ गणपतीपुळे किंवा तारकर्ली असावे, जेवणात सुरमई असावी, आणि मुक्त शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी सांगितलेल्या पाच मुभांचे सादरीकरण जेवणानंतर लगेच ठेवावे. साधन जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्यात मिसळणे आणि वाटणे या त्या पाच मुभा. सुरमईनंतर तिसऱ्या मुभेपर्यंत कोणी जागे राहत नाही, आणि खरा धोका त्या तिसऱ्या मुभेतच आहे.

म्हणून परवान्याकडे बारकाईने लक्ष द्यावे. आपले साहित्य इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने २००२ सालापासून उपलब्ध आहेत, ते फुकट आहेत आणि पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली की लागू होतात. इतकी सोपी गोष्ट सरकारी उपक्रमाला शोभत नाही. एनसीईआरटीने २०१३ साली मुक्त साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले तेव्हा श्रेय देऊन आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याच्या बोलीवर कोणालाही बदल करता येईल, असा परवाना निवडला. हे उदाहरण भाषणात जरूर द्यावे, अनुकरण करू नये. आपण ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे एकच आहेत असे धरून चालावे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफच्या रूपात कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि त्याच पुस्तकांत लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचनाही छापलेली असते. पुस्तक फुकट मिळते, हात मात्र लावता येत नाही. आपल्या उपक्रमाला याहून चांगला आदर्श सापडणार नाही.

त्यावरही कोणी हट्टाने बदल करू लागलाच, तर फाइलच अशी द्यावी की त्याचे हात टेकले पाहिजेत. मूळ मजकूर जपून ठेवण्याऐवजी त्याची छापील प्रत काढावी, ती कार्यालयातल्या जुन्या यंत्रावर थोडी तिरकी ठेवून स्कॅन करावी, प्रत्येक पानावर आडवे बोधचिन्ह उमटवावे आणि कोपऱ्यात शिपायाचा अंगठा आला असेल तर तो तसाच राहू द्यावा. फॉन्ट युनिकोडमधला नसला तर सोन्याहून पिवळे, कारण मग एक वाक्यदेखील उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही.

आता दाभोळ खाडीच्या काठावरील एका शाळेचे उदाहरण घेऊ. अशी शाळा प्रत्येक तालुक्यात निघते. सहावीच्या अपूर्णांकांचा संकेतस्थळावरचा पाठ लोकलच्या डब्यातल्या प्रवाशांवर बेतलेला आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी लोकल पाहिलेली नाही, पण त्यांच्या घरी होड्या आहेत. बाईंनी प्रवासी काढून टाकले आणि तिथे भरती-सुकती आणली. आपल्या किनाऱ्यावरचे जुने खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. बाईंनी सरावाची एक पत्रिका केली, तिच्यात तिथ्यांचे कोष्टक आखले, शेजारी एक रकाना रिकामा ठेवला, आणि मुलांना धक्क्यावर जाऊन प्रत्यक्ष वेळ टिपायला सांगितले. उत्तरे जुळेनात. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते आणि पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जातात, हे मुलांच्या लक्षात आले. मग ती पाच मिनिटे कुठे गेली, यावर घरोघरी आजोबांशी वाद झाले. पुढच्या महिन्यात मालवणच्या एका गुरुजींनी ही पत्रिका व्हॉट्सॲपवर मागवली, आपल्या बंदरातल्या वेळा घातल्या आणि तळाला बाईंचे नाव ठेवले.

मुक्त साधनांचा वापर म्हणतात तो हाच, आणि नियोजकाच्या दृष्टीने याहून मोठा अनर्थ नाही, कारण यात आपले बोधचिन्ह कुठेच नाही. (शिवाय उत्तर पडताळायला वर्गाबाहेर जावे लागते, हा दोष वेगळाच.) अशा वेळी रागावू नये. बाईंचे तोंडभरून कौतुक करावे आणि पत्रिका ‘योग्य मार्गाने’ सादर करण्यास सांगावे. केंद्रप्रमुखांच्या शिफारशीने ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, तिथून छाननी समितीकडे. समितीने प्रथम अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे मुलांना काय यायला हवे याच्या यादीतला, क्रमांक विचारावा, नंतर तिथीच्या उल्लेखामुळे कोणाच्या भावना दुखावतील का याची खात्री करून घ्यावी, आणि शेवटी भरतीच्या जागी राज्यातल्या सर्व जिल्ह्यांना लागू पडेल असे उदाहरण सुचवावे. लोकलचा डबा आहेच.

नेटवर्कचा प्रश्न फार ताणू नये. टाळेबंदीत सिंधुदुर्गातली मुले रेंजसाठी डोंगरावर चढून अभ्यास करत होती, त्याअर्थी त्यांना चढायची सवय आहे, असे गृहीत धरून सर्व साधने व्हिडिओच्या रूपातच ठेवावीत. पेनड्राइव्हवर प्रती देण्याची सूचना कोणी केली, तर ती व्हायरसच्या कारणावरून फेटाळावी. जुलै २०२१च्या पुरात चिपळुणात ग्रंथालयात पाणी शिरले आणि पुस्तके भिजली, तेव्हा एकाच जागी एकच प्रत ठेवण्यातला धोका सर्वांनी पाहिला. पण म्हणून चार शाळांत चार प्रती ठेवल्या, तर अद्ययावत प्रत कोणती यावर आपले नियंत्रण राहत नाही. सर्व्हर एकच असावा आणि त्याच्या नूतनीकरणाची तरतूद अंदाजपत्रकात करण्याचे विसरावे.

राहता राहिली मालवणला पोहोचलेली ती पत्रिका. तिच्यावर परवान्याची ओळ नाही, हे आपले भाग्य समजावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी केली नसली तरी लिहिणाऱ्याच्या लिखाणावर हक्क निर्माण होतो, म्हणजे बाईंनी हौसेने केलेली पत्रिका बाईंच्या नकळत ‘सर्व हक्क राखीव’ आहे आणि गुरुजींनी केलेला बदल परवानगीवाचूनचा आहे. शिवाय नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा मालकाकडे जातो. तेव्हा पत्रिका बाईंची की जिल्हा परिषदेची, असाही प्रश्न उभा राहतो. जिल्हा परिषदेने एका परिपत्रकाने सगळ्या शिक्षकांच्या साहित्याला मुक्त परवाना दिला, तर हे दोन्ही प्रश्न एका दुपारी मिटतील. म्हणून त्या परिपत्रकाचा मसुदा कोणाच्या टेबलावर येणार नाही, एवढी काळजी घ्यावी. त्याऐवजी संपूर्ण प्रकरण विधी विभागाकडे अभिप्रायासाठी पाठवावे आणि दर तिमाहीस स्मरणपत्र काढावे. अभिप्राय येईपर्यंत सहावीची मुले दहावीला बसलेली असतील, बाईंची बदली झालेली असेल, आणि पत्रिका दहावीच्या अभ्यासक्रमात बसत नसल्याच्या शेऱ्यासह फाइल दप्तरी दाखल करता येईल.