कसे केले ते सांगायलाच हवे का?

गेल्या गणेशोत्सवात साताऱ्याला ताईच्या कॉलनीत सांस्कृतिक कार्यक्रम झाला, त्यात माझ्या भाच्याने पहिल्यांदाच घराबाहेरच्या माणसांसमोर जादूचे प्रयोग केले. तो सतरा वर्षांचा आहे, बारावीला आहे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा मुलगा आहे. त्याने कापलेली दोरी अखंड करून दाखवली, एका काकांच्या हातातले नाणे दुसऱ्याच काकांच्या मुठीतून काढले, भरपूर टाळ्या घेतल्या आणि तो पायऱ्या उतरायच्या आत दाजींनी माईक हातात घेतला. दाजी विज्ञानाचे शिक्षक आहेत आणि वीसेक वर्षे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करताना शाळाशाळांतून चमत्कार सादरीकरण करत आले आहेत. राखेत पोटॅशियम परमँगनेट ठेवायचे, तुपाच्या नावाखाली ग्लिसरीन ओतायचे, मंत्र म्हणायचा, जाळ झाला की मुलांना विचारायचे, "हा मंत्र होता की रसायन?" त्याच सवयीने आणि त्याच कळकळीने त्यांनी मुलाच्या दोरीचे गुपित सगळ्या मांडवाला समजावून सांगितले. त्या रात्रीपासून मुलगा वडिलांशी कामापुरतेच बोलतो, आणि ताईने काळजीने मला लंडनला फोन केला.

दाजींचे म्हणणे मी सविस्तर ऐकून घेतले आहे, कारण ते उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणाले, "रहस्य लपवलं की तिथूनच बुवा जन्माला येतो. आज टाळ्या मिळतात, उद्या कुणीतरी पाया पडतं, परवा दक्षिणा येते." साताऱ्याच्या माणसाने हे बोलण्यामागे फार जवळचे दुःख आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच गावचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वर्षानुवर्षे रखडलेला कायदा संमत झाला. त्या कायद्याला सगळा महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. भाच्याची अडचण या नावापासूनच सुरू होते, कारण आपल्या भाषेत करणी करणारा मांत्रिक आणि पत्त्यांचे खेळ करणारा कलावंत हे दोघेही जादू या एकाच शब्दाच्या छपराखाली राहतात, आणि एकावर आलेला संशय दुसऱ्याच्या अंगावर सहज पडतो.

त्यामुळे जादूविषयीच्या आपल्याकडच्या चर्चेत, मग ती घरातली असो की वर्तमानपत्रातली, जादू नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी असते. जानेवारी 2023 मध्ये नागपुरात मनातले ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका महाराजांना अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी तीस लाखांचे आव्हान दिले, तेव्हा कित्येक दिवस वाहिन्यांवर मनकवडेपणाच्या युक्त्यांची चर्चा चालली. पण त्याच युक्त्या शिकून, त्या युक्त्या आहेत असे सांगून लोकांचे रंजन करणाऱ्या माणसाविषयी त्यात कुणी बोलले नाही. आपल्या लेखी जादू हे एकतर फसवणुकीचे साधन असते किंवा फसवणूक उघडी पाडण्याचे हत्यार. एखादा मुलगा आरशासमोर दोन वर्षे नाणे लपवत बसतो ते त्याला त्यातच आनंद आहे म्हणून, हे कारण आपल्याला पुरेसे वाटत नाही.

मी अठरा वर्षांपासून लंडनमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. जादूशी माझा संबंध आला तो रुग्णालयातच. शरीराची एक बाजू जन्मापासून कमजोर असलेल्या मुलांसाठी इथे ब्रीद मॅजिक नावाचा कार्यक्रम आहे. त्यात जादूगार आणि थेरपिस्ट एकत्र येऊन, ज्यांना दोन्ही हात लागतातच असे प्रयोग मुलांना शिकवतात. ती कल्पना ऐकून आम्हीही आमच्या विभागात काही सोपे प्रयोग करून पाहिले. नऊ वर्षांचा एक मुलगा होता, डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. बोटे उघड, मीट, उघड, असे दहा वेळा सांगितले तर तिसऱ्या वेळी तोंड फिरवायचा. त्याला आम्ही रबरबँडचा खेळ शिकवला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटावर असलेला रबरबँड मूठ उघडताच पहिल्या दोन बोटांवर गेलेला दिसतो. तो बसवायला डावी बोटे उजव्या हाताने एकेक करून सुटी करावी लागत, मग मिटावी लागत, मग एका झटक्यात उघडावी लागत. पहिल्या दिवशी रबरबँड सटकून टेबलाखाली जात राहिला आणि तो पुन्हा पुन्हा वाकून उचलत राहिला. मी थांब म्हटले तरी तो थांबला नाही. तीन आठवड्यांनी त्याने तो खेळ त्याच्या आईला दाखवला. आईने विचारले, "कसं केलंस?" आणि त्याने मान हलवून नाही म्हटले.

त्या नाहीने मला पुष्कळ शिकवले. बुटाचे बंद बांधण्यापासून दप्तर उचलण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत ज्याला इतरांची मदत घ्यावी लागते, त्याच्याकडे पहिल्यांदाच असे काहीतरी आले होते जे मोठ्यांना येत नव्हते. माणसे जादूकडे का वळतात, याचे मला पटलेले उत्तर या मुलाजवळ आहे. बुजरा, एकटा, खेळात मागे पडणारा मुलगा पत्त्यांचा जोड घेऊन खोलीत बसतो, शेकडो वेळा चुकतो, आणि बाहेर येतो तेव्हा लोकांसमोर उभे राहायला त्याच्याकडे निमित्त असते. काय बोलायचे हे आधीच ठरलेले असते, हातांना काम असते, समोरच्याचे लक्ष कुठे न्यायचे हे त्याच्या हातात असते. माझा भाचा चारचौघांत मान वर करून बोलत नाही, पण नाणे हातात असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, कारण नजरेला नजर भिडवल्याशिवाय हातचलाखी साधत नाही. त्याचे गुपित काढून घेतले की ते निमित्तही जाते. मांडवात दाजींनी विज्ञान सांगितले हे खरे, पण त्या पोराच्या हातातली एकुलती एक वस्तू त्यांनी सगळ्यांना वाटून टाकली, हेही तितकेच खरे आहे.

मग गुपित राखणारा आणि भोंदू यांच्यात फरक कुठे करायचा? या प्रश्नाचे उत्तर मला इंग्लंडच्याच इतिहासात सापडले. 1865 मध्ये चेल्टनहॅम गावात अमेरिकेतून आलेल्या डेव्हनपोर्ट बंधूंचा खेळ झाला. त्यांना एका मोठ्या कपाटात दोरखंडांनी बांधत, दारे बंद होत आणि आतून वाद्ये वाजू लागत. ही भुताखेतांची करणी आहे असे प्रेक्षकांना सांगितले जाई. त्या गर्दीत जॉन नेव्हिल मॅस्केलिन नावाचा घड्याळे दुरुस्त करणारा तरुण होता. अंधार करण्यासाठी लावलेला पडदा क्षणभर सरकला आणि आत काय चालले आहे ते त्याला दिसले. हे मीही करून दाखवीन, भुतांशिवाय, असे त्याने जाहीर केले, जॉर्ज कुक या मित्राला सोबत घेऊन काही महिन्यांत करूनही दाखवले आणि पुढे आयुष्यभर जादूगारच झाला. त्याची जादूकडे वळण्याची प्रेरणा आणि दाजींची प्रेरणा एकच आहे. फरक इतकाच, की भुते नाहीत हे सिद्ध करण्यासाठी मॅस्केलिनला आपली प्रत्येक दोरी कशी सुटते हे सांगावे लागले नाही. जे भुतांच्या नावावर चालते ते माणसाच्या हाताने होते, एवढे त्याने दाखवले, आणि तेवढे पुरले.

पुढे 1905 मध्ये लंडनमध्ये मॅजिक सर्कल ही संस्था स्थापन झाली. गुपित न बोलणे हे तिचे लॅटिन ब्रीद आहे आणि ते मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाते. परंतु याच संस्थेने 1934 मध्ये, भारतातला दोरीचा खेळ, म्हणजे हवेत ताठ उभ्या राहणाऱ्या दोरीवर मुलगा चढून नाहीसा होतो तो, उघड्यावर करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनींचे बक्षीस लावले होते, आणि ते कुणीच जिंकले नाही. गुपित राखण्याची शपथ घेतलेली माणसे दाव्यांची तपासणी करायला मात्र मागे हटली नाहीत. दाजींना मी हेच सांगितले, की तुमचे आव्हान आणि त्यांचे आव्हान एकाच जातीचे आहे, आणि त्यासाठी त्यांना हौशी पोरांची गुपिते फोडावी लागली नाहीत.

इथले सगळे आदर्श आहे असे मला म्हणायचे नाही. त्याच मॅजिक सर्कलमध्ये 1991 पर्यंत बायकांना सदस्यत्वच नव्हते. सोफी लॉइड या जादूगारीणीने पुरुषाचा वेष करून, रेमंड या नावाने परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी संस्था स्त्रियांना खुली झाली तेव्हा तिने खरे सांगितले आणि फसवणूक केली म्हणून तिलाच काढून टाकण्यात आले. तिला पुन्हा सन्मानाने घ्यायला 2025 साल उजाडले. आणि आपल्याकडून आलेल्या कलावंतांशी हे शहर कसे वागले, तेही विसरण्यासारखे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामो सामी या भारतीय खेळकऱ्याने लंडन गाजवले, हॅझलिटसारख्या निबंधकाराने भारतीय खेळकऱ्यांच्या कौशल्यावर निबंध लिहिला, आणि 1850 मध्ये तोच रामो सामी याच शहरात दारिद्र्यात मेला. आजही इथे जादूवर पोट भरणारी माणसे लग्नाच्या मेजवान्या, मुलांचे वाढदिवस आणि कंपन्यांचे समारंभ यांवरच बहुतांशी जगतात, आणि घरभाड्याची चिंता त्यांना चुकलेली नाही.

मला या देशाकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे हौशी जादूगाराला मिळणारा मान. इथल्या जादूच्या मंडळांत जाणारे पुष्कळ जण दिवसा हिशेब तपासतात, दात काढतात, बस चालवतात. सध्याचे राजे चार्ल्स युवराज असताना 1975 मध्ये वाट्या आणि चेंडूंचा खेळ करून दाखवून मॅजिक सर्कलचे सदस्य झाले. हाच खेळ आपल्याकडचा मदारी डांबरी रस्त्यावर फडके अंथरून करत असे, आणि आपण त्याला काय दिले? मुंबईचा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे यांची नावे घेतो. रस्त्यावर कला दाखवून पैसे घेणारा आपल्या कायद्याला भिकारी वाटला. पिढ्यानपिढ्या हे खेळ करणाऱ्या गारुडी, डोंबारी समाजांना धंदा निवडण्याची मुभाच नव्हती, तो जन्मासोबत येई. म्हणून सुशिक्षित घरातला मुलगा तोच खेळ आवडीने निवडतो तेव्हा ताईच्या मनात "हे आपलं नव्हे" अशी जी कळ उठते, तिच्यात पोटापाण्याची काळजी किती आणि जातीची जुनी सवय किती, हे आपण प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासायला हवे.

खरे तर हौसेला मान देणे आपल्याला परके नाही. बँकेतला कारकून संध्याकाळी तालमीला जातो आणि राज्य नाट्यस्पर्धेत उभा राहतो, याचे आपल्याला कौतुक आहे. गिरणीतले कामगार भजनी मंडळात पखवाज वाजवत, त्यांना कुणी "यातून मिळतं काय?" असे विचारले नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात तीन पिढ्यांनी ही कला व्यवसाय म्हणून मानाने चालवली आहे, पण व्यावसायिकांच्या मागे जो हौशी मंडळींचा मोठा घोळका लागतो, जो नाटकाला मिळाला, तो जादूला महाराष्ट्रात पुरेसा मिळालेला नाही. भाचा उद्या अभियंता होईल किंवा जादूगार. ताईने आज त्याचा निकाल लावण्याची गरज नाही.

दाजींनी माझे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, "तुझ्याकडं पोर आजारी पडलं तर लोक दवाखान्यात नेतात. इथं अजून काही घरं आधी अंगारा आणतात. प्रेक्षक वेगळा आहे, हे धर." हे मला मान्य करावेच लागले. ज्या प्रेक्षकांत कुणी आजच बुवाकडे जाऊन आलेले असू शकते, तिथे जादूगाराची जबाबदारी लंडनमधल्या जादूगारापेक्षा मोठी आहे. ती जबाबदारी गुपित फोडण्याची नसून आधी सांगण्याची आहे, हा माझा आग्रह मी सोडला नाही. प्रयोग सुरू करण्यापूर्वी दोन वाक्ये बोल, आणि ती तूच लिही, असे मी भाच्याला कळवले.

चार दिवसांनी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत त्याचे अक्षर होते: "मी आता जे दाखवणार आहे त्यात दैवी शक्ती नाही, मंत्र नाही, दोन वर्षांचा सराव आहे. कसे केले ते मात्र विचारू नका." शेवटचे वाक्य लाल शाईने खोडलेले होते आणि त्याखाली दाजींच्या मास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: "कसे केले ते जरूर विचारा. मी सांगणार नाही."